यकृतातील औषध-आंतरक्रिया: उंदरांवरील चाचण्यांचा आधार घेताना या चुका टाळा

एका औषधामुळे दुसऱ्याचे यकृतातील विघटन मंदावते की वेगावते, हे उंदरांवर तपासून त्याचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावणे, ही या कामातील सर्वांत धोक्याची चूक आहे.

रिफाम्पिसिनचे उदाहरण पाहा. क्षयावरील हे औषध माणसाच्या यकृतपेशींतील पीएक्सआर या ग्राहीला (औषध चिकटताच विकरनिर्मिती वाढवणाऱ्या प्रथिनाला) चिकटून औषधांचे विघटन करणाऱ्या सीवायपी ३ए४ या विकराची (एन्झाइमची) निर्मिती इतकी वाढवते की, गर्भनिरोधक गोळ्या निष्प्रभ ठरू शकतात आणि एचआयव्हीवरील डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून एकदा नव्हे, तर दोनदा द्यावी लागते. उंदराच्या पीएक्सआरमध्ये औषध बसण्याची जागाच वेगळी असल्याने तेथे रिफाम्पिसिनचा परिणाम अगदी क्षीण होतो. पीसीएन या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या स्टेरॉइड संयुगाचे नेमके उलट आहे: ते उंदरात प्रभावी, तर माणसात क्षीण ठरते. क्षय आणि एचआयव्ही एकत्र असलेले रुग्ण आपल्याकडे आहेत, त्यामुळे हा फरक केवळ पुस्तकी मानता येत नाही.

उंदराच्या यकृतपेशींत तुलनेसाठी रिफाम्पिसिन घातले आणि विकर वाढला नाही, तर पेशींना दोष देण्याची घाई करू नये. पीसीएन किंवा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड घालून चाचणी पुन्हा करावी. आता विकर वाढला, तर पेशी ठीक होत्या आणि तुलनेचे औषध चुकले होते.

विकर रोखणाऱ्या औषधांबाबतही हीच दक्षता हवी. माणसातील सीवायपी २डी६ या विकराला क्विनिडीन प्रभावीपणे रोखते, तर उंदरात त्याचेच भावंड असलेले क्विनीन अधिक प्रभावी ठरते. शिवाय केवळ नर उंदीर वापरले, तर सीवायपी २सी११ सारखे प्रामुख्याने नरांतच आढळणारे विकर निष्कर्षाला एकांगी करतात. मात्रांची तुलनाही वजनामागील मिलिग्रॅमवर न करता रक्तातील प्रथिनांना न चिकटलेल्या औषधाच्या प्रमाणावर करावी.

मुख्य अंदाज मानवी यकृतपेशींवरच बांधावा. औषधनियमनात देशोदेशी एकवाक्यता आणणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या २०२४ च्या एम१२ मार्गदर्शक सूचनांनुसार विकरवाढीची चाचणी किमान ३ दात्यांच्या पेशींवर करणे अपेक्षित आहे.

तरीही प्राण्यांवरील चाचण्या निरुपयोगी आहेत, असे मी म्हणणार नाही. जपानमध्ये १९९३ साली सोरिव्हुडीन हे विषाणूरोधक औषध आणि फ्लुओरोयुरॅसिल वर्गातील कर्करोगाची औषधे एकत्र घेतलेले अनेक रुग्ण दगावले. आतड्यातील जिवाणू सोरिव्हुडीनपासून जे संयुग तयार करतात, तेच पुढे फ्लुओरोयुरॅसिलचे विघटन करणारा यकृतातील डीपीडी हा विकर निकामी करते. आतड्यापासून यकृतापर्यंतची ही साखळी एकट्या यकृतपेशींत दिसली नसती, ती उंदरांवरील प्रयोगांनी उलगडली.