गिटार आणि वाद्यवृंदासाठी नदीवरची रचना लिहिताना

नदी म्हटली की अखंड प्रवाह आला, आणि गिटारची अडचण नेमकी तिथेच आहे, कारण तार छेडताक्षणी तिचा सूर विरू लागतो. म्हणून प्रवाह वाद्यवृंदाकडे आणि त्यावरचे थेंब व तरंग गिटारकडे, अशी वाटणी आधीच करून घ्यावी.

त्यानंतर पट्टी ठरवावी. गिटारच्या मोकळ्या तारा ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावलेल्या असल्याने ई मायनर किंवा डी मेजरमध्ये वाद्य मोकळे घुमते. ई-फ्लॅट मेजर घेतल्यास सहापैकी चार मोकळ्या तारा पट्टीबाहेर जातात. झेक संगीतकार स्मेतानाच्या १८७४ मधील 'व्ल्टावा' या त्याच नावाच्या नदीवरच्या रचनेची मुख्य धून ई मायनरमध्येच आहे, हा गिटारवादकासाठी सुखद योगायोग म्हणावा. त्या रचनेत नदीचे दोन उगम आधी बासऱ्यांतून आणि मग क्लॅरिनेटमधून वाहू लागतात, तर व्हायोलिनच्या बोटाने छेडलेल्या तारा आणि हार्प मधूनमधून थेंब टाकतात. आपल्या रचनेत हे थेंब गिटारला द्यावेत.

पाणी वाहते झाले की ट्रेमोलो वापरावा. अंगठ्याने खर्जाची तार छेडून अनामिका, मध्यमा आणि तर्जनी एकाच वरच्या तारेवर पाठोपाठ चालवली, की तुटक सुरांतून सलग सुराचा भास होतो. या वेळी व्हायोला आणि चेलो यांना म्यूट (आवाज दबवणारा चिमटा) लावून दोनच लांब स्वर अतिमंद धरायला सांगावेत आणि व्हायोलिन गप्प ठेवावीत, कारण त्याच सप्तकात ती वाजली तर गिटार बुडालीच. गिटार लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजते, हे चेलोशी मेळ घालताना हमखास विसरले जाते.

पूर मात्र वाद्यवृंदालाच द्यावा. स्पेनमधील ताहो नदीकाठच्या आरान्हुएस गावावरून नाव घेतलेल्या, स्पॅनिश संगीतकार रोद्रिगोच्या १९३९ मधील कॉन्चेर्तोच्या (एकल गिटार आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेच्या) संथ भागात इंग्लिश हॉर्न या फुंकवाद्याची धून गिटारच्या साध्या झंकारांवर तरंगते, आणि सगळा वाद्यवृंद ती धून भरभरून गातो तेव्हा गिटार थांबलेली असते.

संगणकावर ऐकून समतोल ठरवू नये. तिथे गिटारचा आवाज हवा तेवढा वाढवता येतो. स्वरलिपी आधी एखाद्या वादकाच्या हाती द्यावी आणि डाव्या हाताची बोटे कुठे ताणली जातात ते शेजारी बसून पाहावे.