पडद्याच्या रॉडचं ब्रॅकेट सारखं उखडतंय? माझा अनुभव

लक्षण: चार फुटी खिडकी, पडदा ओढला की ब्रॅकेट भिंतीतल्या प्लास्टिकच्या प्लगसकट बाहेर. जाड प्लग, एम-सील, पांढरं सिमेंट, सगळं करून झालं, वैताग आला.

कारण भोकातल्या पुडीवरून कळलं. लाल पूड म्हणजे वीट, करडी म्हणजे लिंटेलचं (खिडकीवरच्या आडव्या तुळईचं) काँक्रीट. साधं ड्रिल लिंटेलला अडतं, म्हणून प्लग नुसत्या १५ मिमी गिलाव्यात बसलेला.

उपाय: १९ मिमी जाड, ३ इंच रुंद, ६ फूट लांब सागवानी पट्टी. ती दोन्हीकडे खिडकीबाहेर फूटभर जाते. लिंटेल साधारण सहा इंचांवर संपतं, पुढे वीट. आधी पट्टीच्या टोकांपासून ३ इंचांवर, एकाखाली एक, दोन-दोन ५ मिमीची भोकं. पट्टी लेव्हलने धरून भिंतीवर खुणा. मग ८ मिमी बिटने ७० मिमी खोल भोक, लाल पूड येतेय ना ते बघत. पूड फुंकून काढा. राहिली तर प्लग पूर्ण जात नाही. ५० मिमीचा प्लग गिलाव्याच्या आत, विटेपर्यंत ठोका (हेच बहुतेक जण करत नाहीत). ५ बाय ७५ मिमी स्क्रूने पट्टी आवळा. ब्रॅकेट या स्क्रूंच्या लगतच, २५ मिमीच्या छोट्या स्क्रूंनी पट्टीवर. जुनी भोकंही झाकली जातात.