सहावी ते आठवीच्या वर्गातले उपक्रम: या चुका टाळा

उपक्रमाचा तास रंगतो. बाकं सरकतात, कागद-कात्र्या बाहेर येतात, गडबड-गोंधळ होतो आणि घंटा वाजते. दुसऱ्या दिवशी ‘काल काय केलं?’ विचारलं तर उत्तर खडाखडा येतं. ‘त्यातून काय कळलं?’ म्हटलं की वर्ग गप्प. उच्च प्राथमिकमध्ये हे जास्त होतं, कारण या वयाची मुलं शिक्षकाला काय ऐकायचंय ते अचूक ओळखतात आणि तेवढंच पुरवतात. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे: उत्तर फार लवकर बाहेर पडतं, आणि ते बहुधा आपल्याच तोंडून.

उत्तर आधी, कृती नंतर

‘त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते, चला, मोजून बघू.’ तास असा सुरू केला की मोजण्याला काही अर्थच उरत नाही. मूल कोनमापक ठेवतं, ५८, ६४ आणि ५५ वाचतं, बेरीज येते १७७. मग खोडरबर निघतं आणि ५५ चे ५८ होतात. वहीत उत्तर बरोबर, तपासणीत टिक. मूल शिकलं ते एवढंच, की मोजमाप जुळलं नाही तर आकडा बदलायचा.

पुस्तक मिटून ठेवा आणि १८० हा आकडा तोंडातून काढू नका. प्रत्येकाला मनाला येईल तो त्रिकोण काढू द्या, पण चांगला मोठा. भुजा कोनमापकाच्या खुणांपर्यंत पोचल्या नाहीत की वाचन अंदाजानं होतं. आलेल्या बेरजा फळ्यावर जशाच्या तशा लिहा: १७७, १८१, १७९, १९२. त्या १९२ वर वर्ग हसेल, तुम्ही हसू नका. त्या मुलानं बहुधा कोनमापकाची चुकीची पट्टी वाचली आहे. ८४ च्या जागी ९६ वाचलं की बेरीज नेमकी १२ नं वाढते. ‘हा कोन काटकोनापेक्षा लहान दिसतो की मोठा?’ एवढंच विचारा, चूक ते स्वतःच पकडेल. सगळ्या बेरजा एकाच आकड्याच्या आसपास का घोटाळताहेत, हा प्रश्न मग मुलांकडूनच येतो.

कागदी त्रिकोणाचे तिन्ही कोपरे वेगळे करून, शेजारी शेजारी जोडून सरळ कोन करण्याच्या कृतीतही एक हमखास घोळ होतो. कात्रीनं कापलं की प्रत्येक तुकड्याला तीन नीटनेटकी टोकं येतात, मूळ कोपरा कुठला ते कळत नाही आणि गट भलतीच टोकं जुळवत बसतो. कापू नका, हातानं फाडा, आणि फाडण्याआधी तिन्ही कोपऱ्यांवर पेनानं कंस काढून घ्या. (ही पडताळणी आहे, सिद्धता नाही. समांतर रेषांचे कोन शिकवताना पुन्हा इथे यावं.)

‘यशस्वी’ प्रयोगावर विश्वास

ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर पालथा ग्लास. मेणबत्ती विझते, ग्लासात पाणी चढतं. ‘ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्यानं घेतली, हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो हे सिद्ध झालं.’ पिढ्यान् पिढ्या हा निष्कर्ष फळ्यावर उतरतो आहे आणि तो चुकीचा आहे. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो हे खरं, पण मेणबत्ती तो सगळा संपायच्या आधीच विझते, शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. पाणी चढण्याचं मुख्य कारण वेगळं आहे: ज्योतीनं तापलेली हवा प्रसरण पावते, विझल्यावर ती थंड होऊन आकुंचन पावते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो.

हे भाषणानं सांगू नका. दोन गोष्टी नीट बघायला लावा. एक, पाणी कधी चढतं? ज्योत पेटती असताना हळूहळू, की विझल्यावर भरभर? दोन, त्याच ग्लासाखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या तर? पाणी जास्त चढतं. ग्लास तोच, त्यातला ऑक्सिजन तेवढाच, मग पाणी जास्त का? इथे सातवीचा वर्ग खरोखर भांडतो, आणि भांडू द्यावा. ग्लास ठेवताना कडेनं बुडबुडे निघाले का, हे एखाद्या चिकित्सक मुलीनं आधीच टिपलेलं असतं. तिला बोलू द्या. केस बांधलेले, ओढण्या-सैल बाह्या आवरलेल्या, आणि पेटवायचं काम फक्त तुमचं, ही काळजी वेगळी सांगायला नकोच.

गट मोठे, हात दोनच

शिक्षण हक्क कायद्यात (२००९) सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. चौघांचे गट केले तर नऊ होतात, नऊ संच साहित्य लागतं. म्हणून आपण सात-सातचे पाच गट करतो. मग प्रत्येक गटात एक जण करतो, एक जण लिहितो आणि पाच जण वाकून बघतात. बारकाईनं बघा, बऱ्याचदा साहित्य मुलाच्या हातात असतं आणि वही मुलीच्या. साहित्य कमी असेल तर अर्ध्या वर्गाला कृती, अर्ध्याला वहीतलं काम, आणि मध्यावर अदलाबदल. कृतीआधी प्रत्येकानं ‘काय होईल असं वाटतं’ ते एका ओळीत स्वतःच्या वहीत लिहावं, आणि शेवटी गटातर्फे कोण बोलणार ते तुम्ही आयत्या वेळी ठरवावं. गटप्रमुखाला रोज बोलायला लावलं की बाकीच्यांना सुट्टी मिळते.

प्रश्न विचारून न थांबणं

अमेरिकी विज्ञानशिक्षण संशोधिका मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातल्या संवादाची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबत होते. तो वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला तर उत्तरं लांबली, न बोलणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद फळ्यापाशी उभं राहून फार मोठे वाटतात. मनात आकडे मोजा. आणि ‘समजलं का?’ हा प्रश्न सोडून द्या. त्याला एका सुरात ‘हो’ येतं, दुसरं काही येत नाही.

चुकीचं उत्तर पुसून पुढे जाणं

८ + ४ = □ + ५ हे फळ्यावर लिहा. बरीच मुलं चौकटीत १२ लिहितील, काही १७. बरोबर चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असा हुकूम, ही समजूत खालच्या वर्गांतून पक्की होऊन आलेली असते, आणि समीकरणं सुरू झाली की तीच आडवी येते. तसंच ०.३५ हे ०.८ पेक्षा मोठं, कारण ३५ हे ८ पेक्षा मोठे. अशा उत्तरावर काट मारण्याऐवजी ‘हे कसं काढलंस?’ विचारा, आणि बरोबर उत्तरालाही तोच प्रश्न करा, नाहीतर प्रश्न ऐकला की चुकलो, हे मुलं दोन दिवसांत ओळखतात.

आळीपाळीनं प्रकट वाचन

आपला परिच्छेद कितवा ते मोजून मूल फक्त तेवढाच तयार ठेवतं, बाकीचा धडा कानावरून जातो. क्रम मोडा, किंवा आधी मूकवाचन करून एक प्रश्न लिहायला सांगा.

घंटेनं उपक्रम संपवणं

तास ३५-४० मिनिटांचा असतो आणि कृती नेहमी ठरल्यापेक्षा लांबते. विसाव्या मिनिटाला साहित्य गोळा करा, अर्धवट असलं तरी. हातात भिंग असताना चर्चा कुणी ऐकत नाही. उरलेल्या वेळात आधी लिहिलेला अंदाज आणि आता दिसलेलं यांत फरक का पडला, यावर बोला. शेवटच्या तीन मिनिटांत चिठ्ठीवर एकच प्रश्न द्या, नाव लिहिण्याची सक्ती नको. चिठ्ठ्या मधल्या सुट्टीत चाळून तीन ढीग करा: कळलेलं, अर्धं कळलेलं, भलतंच कळलेलं. तिसरा ढीग मोठा असेल तर दुसऱ्या दिवशी तीच कृती पुन्हा करू नका. त्यातली एक चिठ्ठी, अक्षर ओळखू येणार नाही अशी फळ्यावर उतरवून, वर्गाला तपासायला द्या.