फोडणीआधीचं पातेलं : कुत्र्यासाठी घरचं जेवण कसं करावं

सांगलीत आमच्या गल्लीतल्या बहुतेक कुत्र्यांचं जेवण ठरलेलं असतं: उरलेली भाकरी, त्यावर दूध, रविवारी रश्श्यात कालवलेला भात. काळू घरी आला तेव्हा वर्षभर आम्हीही तेच दिलं. मग त्याचे केस गळायला लागले, कातडी कोरडी पडली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "याच्यासाठी वेगळं काय शिजवता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून आमच्याकडे कढईत फोडणी पडायच्या आधी काळूचं पातेलं बाजूला निघतं.

खालचं प्रमाण १५ किलोच्या, पूर्ण वाढलेल्या, धडधाकट कुत्र्याच्या एका दिवसाचं आहे. पिल्लू, गाभण किंवा पाजणारी कुत्री आणि मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाचा त्रास असलेलं जनावर यांचा आहार डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

आधी वजन करा. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि त्यातून आपलं वजन वजा करायचं. कुत्रं १० किलोचं असेल तर सगळं साहित्य पाऊणपट घ्या, २० किलोचं असेल तर सव्वापट. वजन दुप्पट म्हणून जेवण दुप्पट, असं होत नाही. लहान कुत्र्याला किलोमागे जास्त अन्न लागतं.

साहित्य: कातडी काढलेलं बोनलेस चिकन पावणेतीनशे ग्रॅम, शक्यतो मांडीचं. कोंबडीची कलेजी २५ ग्रॅम. ज्वारीच्या कण्या किंवा तांदूळ ९० ग्रॅम. लाल भोपळा, गाजर, फरसबी मिळून १०० ग्रॅम. करडईचं तेल एक छोटा चमचा. अंड्याच्या टरफलाची पूड अर्धा छोटा चमचा. यातून साधारण ७५० ते ८०० कॅलरी मिळतात. कलेजीचं माप वाढवू नका, तिच्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की रोज जास्त दिलं तर ते बाधतं.

टरफलाची पूड हा या पातेल्यातला सगळ्यात महत्त्वाचा जिन्नस आहे आणि नेमका तोच लोक विसरतात. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळपास नाहीच. नुसत्या चिकन-भातावर महिनोन्महिने ठेवलेल्या कुत्र्याचं शरीर हे कॅल्शियम स्वतःच्या हाडांतून ओढून घेतं. म्हणून टरफलं जमवा, धुऊन दहा मिनिटं पाण्यात उकळा, उन्हात कडकडीत वाळवा, मिक्सरमधून काढा आणि वस्त्रगाळ करा. बोटाला कण लागता कामा नये. एका टरफलाची साधारण एक छोटा चमचा पूड होते, अर्ध्या चमच्यात सुमारे एक ग्रॅम कॅल्शियम मिळतं. कोरड्या बरणीत ती बरेच दिवस टिकते.

आता शिजवायला घ्या. कण्या तासभर भिजवून पाच-सहा पट पाण्यात कुकरला चार-पाच शिट्ट्या होईपर्यंत मऊ करा, बोटांनी सहज चिरडल्या गेल्या पाहिजेत. दुसऱ्या पातेल्यात चिकन आणि कलेजी बुडेल एवढ्याच पाण्यात शिजवा, आत कुठे गुलाबी रंग राहू देऊ नका. भाज्या बारीक चिरून याच पाण्यात शेवटी घाला, म्हणजे त्यांचा अर्क वाया जात नाही. मीठ नको, चिकनमध्ये असतं तेवढं सोडियम पुरतं. हळदीचं गाव म्हणून विचारणारे खूप भेटतात: चिमूटभर हळद चालते, पण तिची गरज नाही. चिकन बारीक तोडून पाण्यासकट कण्यांत मिसळा. कोमट झाल्यावर तेल आणि टरफलाची पूड घालून कालवा. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा द्या. उन्हाळ्यात तासाभरात उरलेलं उचलून टाका.

एकदम तीन दिवसांचं करून फ्रिजमध्ये ठेवता येतं, त्याहून जास्त असेल तर फ्रीझरमध्ये. पूड मात्र देतानाच घाला.

काय घालायचं नाही, हे आपल्या जिल्ह्यात जास्तच जपावं लागतं. कांदा आणि लसूण, शिजवलेले असोत की वाळवलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. रस्सा तर नकोच, आणि लसणाचं भडंग त्याने कितीही आशेने पाहिलं तरी नको. द्राक्षं आणि बेदाणे त्याहून वाईट: त्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं आणि अमुक इतके चालतील असं सुरक्षित प्रमाण नाही. तासगावच्या बाजूला शेडवर बेदाणा वाळत असतो तेव्हा कुत्रं बांधूनच ठेवा. काळूने एकदा पिशवी फाडून मूठभर बेदाणे खाल्ले होते. आम्ही उलटीची वाट न पाहता त्याला तडक दवाखान्यात नेलं म्हणून तो वाचला. चॉकलेट आणि झायलिटॉल असलेलं शुगरफ्री च्युइंगगमही विषारी आहे. शिजवलेली हाडं देऊ नका, ती अणकुचीदार फुटतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात.

नवं जेवण एकदम सुरू केलं तर हगवण लागते. पहिले दोन दिवस पाव भाग नवं, पुढचे दोन दिवस अर्धं, मग पाऊण, सातव्या दिवशी पूर्ण.

सांगलीत शाकाहारी घरं खूप आहेत, तिथूनही विचारणा होते. कुत्र्याला पिष्ट आणि डाळ पचते, शाकाहारी आहार अशक्य नाही. पण नुसत्या मुगाच्या डाळीवर भागवू नका. मेथिओनिन (प्रथिनातला एक आवश्यक घटक) आणि ब१२ जीवनसत्त्व यांची भर कशी घालायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

ही गोष्ट मांसाहारी पातेल्यालाही लागू आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृतींचं विश्लेषण प्रसिद्ध केलं, तर ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी निघाला. वरच्या पातेल्यातही जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व कमी पडतं. रोज हेच द्यायचं असेल तर साहित्य वजनासकट कागदावर लिहून तो कागद पशुवैद्यकांना दाखवा आणि पूरक पावडर कोणती, किती हे विचारा. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्या बाजूच्यांना तिथेही विचारता येईल. आणि दर पंधरा दिवसांनी कुत्र्याच्या बरगड्यांवरून हात फिरवा. हलक्या हाताला बरगड्या लागल्या तर माप बरोबर आहे. चाचपाव्या लागत असतील तर कण्या थोड्या कमी करा, डोळ्यांना उठून दिसत असतील तर सगळंच साहित्य त्याच प्रमाणात वाढवा.