डिसोजा कुठले? आडनावाचा माग काढायची माझी रीत

माहेरची मी डिसोजा, सासरची लोपीस. वसईतल्या मराठी शाळेत 31 वर्षं शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर एक खूळ लागलं. ते लावलं भाच्यानं. टोरांटोहून त्यानं फोटो पाठवला: कॉफीचा मग, मगावर तांबडी ढाल, ढालीवर चार रुपेरी चंद्रकोरी आणि खाली 'डिसोजा घराण्याचं चिन्ह'. सोबत प्रश्न, "आत्या, आपण पोर्तुगालचे सरदार होतो का गं?"

ढाल खरी आहे, चंद्रकोरीही खऱ्या आहेत. खोटं आहे ते 'आपण'.

त्याला उत्तर द्यायचं म्हणून मी माग काढायला लागले. त्यात कुठे चुकले, कुठे वेळ फुकट गेला आणि काय हाती आलं, ते इथे लिहून ठेवते. तुमचं आडनाव परेरा असो की रॉड्रिग्ज, रीत हीच.

पहिलं काम, आडनाव कागदावर जितक्या तऱ्हांनी लिहिलं जातं तितक्या तऱ्हांनी लिहून काढा. मी हे केलं नाही आणि तीन महिने घालवले. एकाच स्पेलिंगनं शोधत होते, माझ्या शाळेच्या दाखल्यावर आहे त्याच. मूळ नाव सोझा. 'द सोझा' म्हणजे सोझाचा, सोझाकडचा. पोर्तुगालमध्ये 1911 साली शुद्धलेखनाचे नियम बदलले, तेव्हापासून तिकडे ते एस घालून लिहितात. त्याआधी झेडही चाले. ब्राझीलमध्ये दोन्ही चालतात, पण झेड भरपूर. आपल्याकडे जुना झेड तसाच राहिला आणि वर 'डी'नंतर एक टिंबवजा स्वल्पविराम (अपॉस्ट्रॉफी) आला, जो पोर्तुगीज व्याकरणात इथे बसतच नाही. ते लोक तो स्वरापुढे घालतात, जसं द आल्मेदाचं दाल्मेदा. सोझाच्या आधी त्याची काही गरज नाही. इंग्रजी अमलात कारकुनांनी तो घातला असावा आणि आता संगणकाच्या फॉर्ममध्ये तो घेत नाहीत, म्हणून भाचा विमानाच्या तिकिटावर नुसता 'डीसोउझा' असतो. मराठी कागदांवर तर विचारू नका. सातबाऱ्यावर माझे आजोबा 'जुजे दुमिंग डिसोज', फेरफारात 'डिसुझा' आणि शाळेच्या रजिस्टरात 'डिसोजा'. तिघेही एकच.

ह्या यादीचा दुसरा उपयोग असा की स्पेलिंग पाहून माणूस कुठल्या बाजूनं आला ह्याचा अंदाज बांधता येतो. 'डी'ला लटकलेलं चिन्ह दिसलं की गोवा, वसई-मुंबई, मंगळूर, नाहीतर तिथून कराची, नैरोबी, आखात, टोरांटो, मेलबर्न इथे गेलेली माणसं. 'द सोयसा' किंवा 'द झोयसा' दिसलं की श्रीलंका. हे नाव सोझाचंच आहे. पोर्तुगीज त्या बेटावर 1505 मध्ये पोचले आणि 1658 मध्ये डचांनी त्यांना हुसकावलं, पण नावं राहिली, आणि धर्म बदलला तरी राहिली. कळुतरच्या बोधिवृक्षाचा जीर्णोद्धार करणारे सर सिरिल द झोयसा बौद्ध होते. म्हणजे आडनाव पाहून धर्म ओळखायला जाल तर तिथेच फसाल.

मुळाकडे जायचं तर नकाशा काढा. पोर्तुगालच्या उत्तरेला सोझा नावाची एक छोटी नदी आहे. फेल्गेराश भागात उगम पावते, पेनाफिएलच्या बाजूनं खाली येते आणि पोर्तोच्या अलीकडे डौरो नदीला मिळते. त्या खोऱ्यातल्या एका सरदार घराण्यानं नदीचं नाव घेतलं. एगाश गोमिश द सोझा हा अकराव्या शतकातला त्यांचा पुरुष. नदीच्या नावाचा अर्थ लॅटिनमधल्या 'साक्सा', म्हणजे खडक, ह्या शब्दाशी जोडतात. आपल्याकडे पुणेकर, नाशिककर असतात तसंच हे, फक्त नदीवरून.

इथे मला एक गोष्ट इतकी आवडली की मी ती भाच्याला फोनवर दोनदा सांगितली. तेराव्या शतकात त्या घराण्याची सरळ पुरुष-परंपरा संपली. नाव पुढे गेलं ते मुलींकडून. राजा तिसरा आफोन्सु ह्याच्या लग्नाबाहेरच्या मुलांशी सोझांच्या वारसदार बायकांची लग्नं झाली आणि त्यांच्या पोरांनी आईकडचं आडनाव धरलं. म्हणजे मगावरच्या ढालीच्या खऱ्या मालकांकडेसुद्धा आडनाव आणि बापाचं रक्त एका ओळीत चालत नव्हतं. माझ्यासारख्या, लग्न होऊन आडनाव सोडून आलेल्या बाईला ह्याचं समाधान का वाटलं ते सांगायला नको.

आता नाव भारतात आणि बाकी जगात पसरलं कसं? ह्यासाठी एका माणसाचा प्रवास पाहिला तरी पुरे. मार्तीं आफोन्सु द सोझा. 1532 मध्ये त्यानं ब्राझीलमध्ये साऊं व्हिसेन्त ही वसाहत स्थापली. 1534 मध्ये तो हिंदुस्थानच्या समुद्राचा सेनापती म्हणून इकडे आला. त्याच वर्षी डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहानं तहात वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे हाच सोझा 1542 ते 1545 गव्हर्नर होता, आणि 1542 च्या मे महिन्यात गोव्यात उतरताना त्याच्या ताफ्यातून फ्रान्सिस झेवियर आले. त्याचा भाऊबंद तोमे द सोझा 1549 मध्ये ब्राझीलचा पहिला गव्हर्नर जनरल झाला आणि साल्वादोर शहर त्यानं वसवलं. दोन खंड, दोन सोझा, एकच घराणं.

लगेच उडी मारून 'आम्ही गव्हर्नरच्या नावाचे' असं म्हणू नका. सोझा नावाचे शिपाई, पाद्री, कारकून शेकड्यांनी आले होते. बाप्तिस्म्याला जो धर्मपिता उभा राहिला त्याचं, किंवा पाण्याचा हात फिरवणाऱ्या फादरचं, किंवा ठाण्याच्या कप्तानाचं आडनाव घरच्यांना मिळे. एका दिवशी एकाच बापाचा थोरला डिसोजा झाला आणि पुढल्या वर्षी धाकटा परेरा, असंही होऊ शके. म्हणून सगळे डिसोजा एकमेकांचे भाऊबंद नाहीत आणि शेजारचा परेरा कदाचित असेलही. गोव्यात तर गावकरीतले (गावच्या जुन्या सामाईक जमीनसंस्थेतले) वांगड, म्हणजे कुळांचे गट, पाहिले तर आडनावाच्या आधीची नाती कळतात. मंगळूरकडच्या कितीतरी घरांत प्रभू, कामत, शेणय ही जुनी नावं अजून आठवणीत आहेत.

आणि हे काही जुन्या काळापुरतंच नाही. नाच बसवणारे रेमो डिसोजा मूळचे रमेश गोपी नायर. उलट दिशेनं पाहा, जेनेलिया डिसोजा मंगळूरकडच्या घरातली आणि आता लातूरच्या देशमुखांची सून. शंभर वर्षांनी कुणी नातू माग काढायला बसला की त्याची तारांबळ उडेल.

आफ्रिकेची गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे, पण ती टाळून नावाचा नकाशा पुरा होत नाही. साल्वादोरला जन्मलेला फ्रान्सिस्कु फेलिस द सोझा आजच्या बेनिनमधल्या विदा बंदरात गेला आणि गुलामांच्या व्यापारात गडगंज झाला. तिथल्या दाहोमे राज्याच्या गेझो राजानं त्याला 'चाचा' हा मानाचा किताब दिला. 1849 मध्ये तो मेला. त्याच्या वंशाचा विस्तार आज बेनिन-टोगोत मोठा आहे. पॉल-एमिल द सोझा तर 1969-70 मध्ये बेनिनमध्ये सत्तेच्या खुर्चीत होते. शिवाय ब्राझीलमध्ये गुलामांना बाप्तिस्म्यात मालकाचं नाव मिळे आणि त्यांच्यातले काही सुटून परत किनाऱ्यावर आले, तेही अशीच आडनावं घेऊन. मोझांबिकचा किस्सा आपल्या बाजूचा: म्हापशाचा मानुएल आंतोनियु द सोझा, तिकडे त्याला 'गुवेया' म्हणत, झांबेझीच्या दक्षिणेला स्वतःचं सैन्य बाळगून होता. गोव्याचा सोझा आफ्रिकेत जाऊन पोर्तुगीज सत्तेचा हस्तक झालेला.

अमेरिकेत जॉन फिलिप सोझा, लष्करी कूचगीतं रचणारा, ज्याच्या नावानं सोझाफोन हे पितळी वाद्य आहे. त्याच्याबद्दल एक थाप अशी पसरली होती की मूळ नाव 'सो', आणि पेटीवर पुढे 'यू.एस.ए.' लिहिलेलं असल्यानं आडनाव सोझा झालं. तो मुळात वॉशिंग्टनलाच जन्मलेला, बाप पोर्तुगीज वंशाचा. पण थाप इतकी गोड की लोकांना खरी गोष्ट ऐकायचीच नव्हती. आडनावांच्या बाबतीत हे नेहमीचं आहे, घरोघरी एक तरी गोड थाप असतेच.

तर नकाशावर आकडे पाहताना हे ध्यानात ठेवा: एखाद्या देशात डिसोजा किती, ह्यापेक्षा ते कुठल्या वाटेनं पोचले ते बघा. इंग्लंडमधल्या स्विंडनला गोव्याची माणसं इतकी का, तर पोर्तुगीज पासपोर्ट. त्यावरून आठवलं. वसईत एका एजंटानं आमच्या आळीतल्या दोन मुलांकडून पैसे घेतले, "आडनाव डिसोजा आहे ना, मग लिस्बनला अर्ज करू." आडनावावर काही मिळत नाही. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या मुलाबाळांचा तो मामला आहे. वसई पोर्तुगीजांच्या हातून 1739 च्या मेमध्येच गेली, चिमाजी अप्पांनी घेतली. त्या मुलांचे पैसे गेले ते गेलेच.

आता खरं काम, ज्याला वेळ द्यायचा: नोंदवह्या. 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेनं बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या ठेवणं सक्तीचं केलं, म्हणून आपल्याकडे शोधायला काही आहे. मागे जायचं ते घरातल्या जिवंत माणसापासून. आधी आजीला विचारा, मग सातबारा, मग चर्च. मधली पायरी गाळली की वहीतला नक्की कुठला 'जुजे' आपला हे कळत नाही, कारण जुजे, पेद्रू आणि इनास प्रत्येक पानावर अर्धा डझन. चर्चमध्ये आधी फादरांना चिठ्ठी द्या, अमुक वर्ष ते अमुक वर्ष, आणि सणासुदीच्या दिवसांत जाऊ नका. बॉलपेन घेऊन वहीजवळ बसू देत नाहीत, पेन्सिल न्या, टॉर्च न्या. फोटोला आधी विचारा.

वहीची भाषा पोर्तुगीज किंवा लॅटिन. घाबरू नका, दहा शब्द पुरतात. 'फिल्यू' म्हणजे मुलगा, 'फिल्या' मुलगी, 'पाद्रिन्यू' धर्मपिता, 'माद्रिन्या' धर्ममाता, 'नातुराल' म्हणजे जन्मानं कुठला. लॅटिनमध्ये जुजे 'योसेफुस' होतो, लुईस 'लुदोविकुस'. नावं तोडून लिहितात: फ्रान्सिस्कोचं 'फ्र' आणि वर बारीक 'को', मारियाचा नुसता 'म' आणि वर 'आ'. बायकांच्या पुढे पुष्कळदा आडनावच नसतं. मारिया, एवढंच. तिथे माग तुटतो, आणि मग धर्मपित्यांची नावं उतरवून घ्या, कारण ते बहुतेक मामा-काकांपैकी असतात आणि त्यांच्यावरून मारियाचं माहेर सापडू शकतं. मी तीन मारियांची माहेरं अशीच काढली.

किती मागे जाता येईल हे गावावर आहे. मंगळूरकरांना 1784 आडवं येतं, टिपूनं लोकांना श्रीरंगपट्टणला नेलं, चर्चं पाडली, वह्या त्यात गेल्या. गोव्यात 1914 पासून सरकारी जन्मनोंद आहे आणि पणजीचं पुराभिलेख खातं आहे, तिथली जुनी दप्तरं 1595 पासून जमवायला लागले होते. लिस्बनला तोरे दु तोंबु हे मोठं दप्तरखानं, तिथल्या बऱ्याच वह्या घरबसल्या पडद्यावर दिसतात, पण त्या पोर्तुगालच्या गावांच्या. वसईकराला तिथे आपला आजा सापडायचा नाही, सापडली तर नदीच्या काठची गावं सापडतील.

माझा माग थांबला तो वाळवी लागलेल्या एका पानावर, साल 1868. मुलगा जुजे, बाप दुमिंग द सोझा, आई मारिया, आडनाव नाही. धर्मपिता कुणी परेरा. समासात मात्र नंतर कुणीतरी पेन्सिलीनं दोन शब्द लिहिलेले होते, मराठीत, मोडके: 'बावखलवाले घर'.

आजी घराची ओळख तशीच सांगायची. कुणी विचारलं कुठले तुम्ही, तर ती आडनाव कधी सांगायचीच नाही. म्हणायची, बावखलवाल्यांचे. आम्हाला वाटायचं, म्हातारीला डिसोजा म्हणता येत नाही.

भाच्याला त्या पानाचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर रात्री आलं, "आत्या, बावखल म्हणजे काय?" दुसऱ्या दिवशी त्या तळ्याचा फोटो काढायला गेले. निम्मं बुजवून झालंय, उरलेल्यात केळीची पानं तरंगत होती आणि काठावर एक बगळा होता. तेवढं पाठवलं.