हजेरीच्या वहीवरचं स्टिकर

मी अंबाजोगाईत कॉलेजात मराठी शिकवते. एलजीबीटी, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे लेकरांच्या बाजूनं आपण उभे आहोत हे त्यांना दिसावं यासाठी काय करायचं, ते माझ्यासारख्या शिक्षकांसाठी लिहिते आहे. मोठ्या शहरात प्राइडचा मोर्चा निघतो, त्यात चालता येतं. आपल्याकडं दर तिसरं पोरगं कुणाच्या ना कुणाच्या पाहुण्यातलं निघतं. म्हणून आपण उघड दिसायचं, पण लेकराला उघडं पाडायचं नाही.

सुरुवात तोंडापासून करा. गॅदरिंगच्या तालमीत एका पोराला बाकीचे ‘बायल्या’ म्हणाले, तेव्हा मी मान खाली घालून यादी लिहीत बसले. तो परत तालमीला आला नाही आणि वर्ष संपल्यावर टीसी घेऊन गेला. मी ऐकलं होतं, हे त्याला माहीत होतं.

आता असा शब्द आला की मी तास थांबवते. “हा शब्द माझ्या वर्गात कुणालाच म्हणायचा नाही.” एवढंच बोलते. ज्याला म्हटलं गेलं त्याच्याकडं बघत नाही, कारण आपण कळवळून बघितलं की मागून सगळा वर्ग बघतो. “मॅडम, गंमत केली,” असं उत्तर येतंच. त्यावर वाद घालू नका, पुन्हा शिकवायला लागा. मात्र पुढच्या वेळीही तेवढ्याच ठामपणे थांबा. एकदाच थांबलं तर पोरांना वाटतं, मॅडमचा त्या दिवशी मूड नव्हता.

मग खूण. आपल्याला स्वतंत्र केबिन नसते, स्टाफरूमचं टेबल चौघांत असतं. मी सहा रंगी पट्ट्यांचं, म्हणजे प्राइडच्या झेंड्याचं छोटं स्टिकर हजेरीच्या वहीवर लावलं, ती वही प्रत्येक वर्गात जाते. कुणी विचारलं तर “रंग आवडले” म्हणून वेळ मारून नेऊ नका. “समलिंगी, ट्रान्स मुलामुलींना कळावं, की माझ्याशी बोलता येतं,” असं सरळ सांगा. एका सरांनी मला विचारलं, “हे कायद्यात बसतं का?” ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, ही तारीख पाठ ठेवा.

रॅगिंगविरोधी फलक प्रत्येक कॉलेजात असतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) रॅगिंगविरोधी नियमांतल्या २०१६ च्या दुरुस्तीनुसार लैंगिक कल किंवा ट्रान्स असण्यावरून दिलेला त्रासही रॅगिंगच आहे. ती ओळ फलकावर मराठीत लिहून घ्या, खाली १८००-१८०-५५२२ हा हेल्पलाइन नंबर द्या. प्राचार्यांना नाही म्हणायला अवघड जातं, कारण नियम यूजीसीचाच आहे.

लेकरू बोलायला आलं तर दार लावून बसू नका, त्याचीच चर्चा होते. मी ग्रंथालयाच्या व्हरांड्यात बसते. लोक दिसतात, पण ऐकू जात नाही. “नक्की का?”, “कधीपासून?” असं विचारू नये. मी दोनच प्रश्न विचारते. “आणखी कुणाला माहीत आहे?” आणि “तुला कुठल्या नावानं हाक मारू, चारचौघांत तेच चालेल का?” घरी फोन करायचा नाही, काळजीपोटीसुद्धा नाही. आई-बापाला कधी सांगायचं हे त्याचं त्यानं ठरवायचं. कुणी ‘औषधानं बरं होतं’ म्हणालं, तर हा आजारच नाही हे ठणकावून सांगा. असे ‘उपचार’ करणं डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये कळवलेलं आहे. मन फारच खचलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या, फोन फुकट आहे. पहिला फोन लावताना शेजारी बसा.

आणि तेच लेकरू स्टँडवर मामासोबत एसटीची वाट बघताना भेटलं, तर फक्त “पेपर कसे गेले रे?” एवढंच विचारा.