फोटोवरून कुंदा आणि गोकाक रंगवताना

बेळगावचा कुंदा (दूध आटवून केलेली मिठाई) फोटोवरून रंगवला की कॅनव्हासवर नुसता तपकिरी थर दिसायचा. कारण फोटोतच होतं. फ्लॅशचा उजेड समोरून पडतो, दाण्यांमधल्या सावल्या पुसतो. शिवाय फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स (फोटोतले रंग आपोआप जुळवणारी सोय) आटलेल्या दुधाचा तांबूसपणा घालवतो.

आता बशी खिडकीपाशी ठेवते, उजेड एका बाजूने, फ्लॅश बंद. शेजारी पांढरा कागद. फोटोत तो निळसर दिसतो की पिवळसर, त्यावरून रंग दुरुस्त करायचा. सावलीला काळा अजिबात वापरत नाही, बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी रंग) थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळते. तुपाची चमक शेवटी, तीही मोजक्याच ठिकाणी.

गोकाकच्या धबधब्याचं दुखणं वेगळं. घटप्रभा नदी तिथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. फेस नीट दिसावा म्हणून उजेड कमी केला तर कातळ काळा पडतो, कातळ उजळला तर फेस पांढराफटक. म्हणून एकाच जागेवरून दोन फोटो घेते आणि दोन्ही समोर ठेवून रंगवते. पावसाळ्यात तिथलं पाणी मातकट असतं (मला तेच आवडतं), ते तसंच ठेवावं. निळं केलं की ते गोकाक राहत नाही.